भांडण आपलं, गल्ला कुणाचा?

(युवक शिबिरात केलेलं भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

दोस्तांनो,

मागच्या महिन्यात आपल्या वस्तीतला एक पोरगा माझ्याकडं आला. रॅप करतो. चांगलं करतो, उगाच पाठ थोपटायची म्हणून सांगत नाही. त्याच्या हातात कागद होते. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. एका कंपनीनं दिलेली. कंपनीचा माणूस त्याला म्हणाला, तुझं ते नळाच्या रांगेवरचं गाणं झकास आहे, पण ते चालणार नाही. पलीकडच्या वस्तीतला तो दुसरा पोरगा आहे ना, त्याला आईबहिणीवरनं घेऊन एक गाणं कर. तोही उत्तर देईल, त्याच्याशी आमचं बोलणं झालंय. एकदा तुमचं पेटलं की दोघांचंही नशीब उघडलं म्हणून समज.

पोरगा मला विचारतो, "दादा, सही करू का?"

मी त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलं नाही. 'करू नको' म्हणणं सोपं होतं. नोकरी असलेल्या माणसानं बेकार माणसाला उपदेश करणं नेहमीच सोपं असतं. घरी गेलो, रात्रभर डोक्यात तेच. मग ठरवलं, या शिबिरात बोलायचं ते यावरच. जिथं हा धंदा जन्मला तिथं या भांडणांचं काय झालं, कोण मेलं, कोण गब्बर झालं, ते सगळं मांडायचं. मग ज्याची त्यानं सही करावी नाहीतर कागद फाडावेत.

आता कुणी म्हणेल, इथं प्यायला पाणी नाही आणि हा न्यूयॉर्कच्या गोष्टी सांगायला लागला. तर ऐका. १९६६ साली ओकलंडमध्ये काळ्या पोरांनी ब्लॅक पँथर काढली. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा नाव तिकडूनच उचललं. नाव उचललं म्हणजे नातं जोडलं, आणि सोयऱ्याच्या घरात काय घडलं ते माहीत असावं लागतं. पुढं येईलच, त्या पँथरच्याच पोटचा एक पोरगा या भांडणात मेला.

पहिल्यापासून सांगतो.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला ब्रॉन्क्स. १९४८ ते १९६३ या काळात रॉबर्ट मोझेस नावाच्या बड्या अधिकाऱ्यानं त्या वस्तीच्या पोटातून मोटारींचा हमरस्ता काढला. ईस्ट ट्रेमाँट नावाच्या भागात नुसत्या एका मैलासाठी दीड हजारावर कुटुंबं उठवली. ज्यांना जमलं ते निघून गेले. राहिले ते काळे आणि पोर्तो रिकोचे गरीब. पुढं सत्तरच्या दशकात तिथल्या इमारती पेटायला लागल्या. कितीतरी ठिकाणी विम्याच्या पैशासाठी घरमालकांनीच लावलेली आग. भाडेकरू रस्त्यावर, मालकाच्या खिशात चेक. हे सांगायला आपल्याला नकाशा लागत नाही. नाव बदला, गाव बदला, गोष्ट तीच.

अशा ठिकाणी पोरं टोळ्या करून राहणार, दुसरं काय करणार? या गल्लीतला त्या गल्लीत गेला तर जिवंत परत येईल याची खात्री नाही. २ डिसेंबर १९७१ ला ब्लॅक बेंजी नावाचा घेटो ब्रदर्स टोळीतला तरुण दोन गटांची मारामारी सोडवायला गेला आणि त्यालाच मारून टाकलं. सगळं ब्रॉन्क्स वाट बघत बसलं, आता रक्ताचा पाट वाहणार. पण घेटो ब्रदर्सनी बदला घेतला नाही. ८ डिसेंबरला हो अव्हेन्यूवरच्या पोरांच्या क्लबात सगळ्या टोळ्यांची बैठक बसवली. तह केला. तो तह काही कायम टिकला नाही, कुठलाच टिकत नाही. पण पोरांना एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाता यायला लागलं. कुठंतरी गाणं वाजतंय, चला नाचायला, एवढं धाडस करता यायला लागलं.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७३ ला, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत खालच्या दालनात एक पार्टी झाली. जमैकाहून आलेल्या घरातली दोन भावंडं. भाऊ क्लाइव्ह, ज्याला जग कूल हर्क म्हणतं. बहीण सिंडी. हर्कनं एकाच रेकॉर्डच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. गाण्यातला नुसत्या ढोलाताशाचा तुकडा, ज्यावर पोरं बेभान नाचायची, तो आलटून पालटून लांबवत नेला. त्यावर माइकमधून चार शब्द फेकले. हिप-हॉपची जन्मतारीख म्हणून आज तीच रात्र सांगतात.

पण मला त्या रात्रीतली दुसरीच गोष्ट सांगायची आहे. पार्टी ठरवली होती सिंडीनं. शाळा उघडणार होती, तिला नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. म्हणून तिकीट लावलं. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. दाराशी गल्ला सिंडीचा.

हे नीट डोक्यात ठेवा. आपल्यातले काही शहाणे सांगत असतात की कला म्हणजे पवित्र आणि पैसा आला की ती बाटली. बाटली! शब्दसुद्धा कुणाचा वापरतात बघा. हिप-हॉप जन्मलं तेच तिकीट लावून. पैशानं काहीएक बाटलं नाही, कारण गल्ला बहिणीच्या हातात होता.

आता भांडणाकडं येतो. रॅपमध्ये दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकाला शब्दानं सोलतात त्याला बॅटल म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडं कलगी-तुऱ्याचे सामने रात्र रात्र चालायचे. एकानं कूट घालायचं, दुसऱ्यानं ते उलगडून वर नवं घालायचं. हार झाली की मान खाली, पण डफ फोडायचा नाही. ब्रॉन्क्स-हार्लेममध्ये तेच. चाकू ठेव आणि तोंड उघड. ज्या पोरांना शाळेनं ढ म्हणून बाहेर काढलं त्यांची ही शाळा. उपमा शोधायची, यमक जुळवायचं, समोरच्याचं वर्म ओळखायचं, आणि तो तुझं ओळखेल म्हणून आधीच तयारी करायची.

१९८१ च्या डिसेंबरात हार्लेम वर्ल्ड नावाच्या क्लबात बिझी बी आणि कूल मो डी यांची बॅटल झाली. बिझी बी लोकांना खूश करणारा गडी. तुम्ही म्हणा हो, मी म्हणतो हा, असा. कूल मो डी आला आणि त्यानं त्याची एकेक लकब सोलून काढली. त्या दिवसापासून पोरांना कळलं की नुसता गलका करून भागत नाही, बसून लिहावं लागतं. त्या रात्रीची कॅसेट हातोहात फिरली. याच्या टेपवरून त्याच्या टेपवर. त्या कॅसेटला कुणी मालक नव्हता. भांडणातून कला वाढते म्हणतात ती अशी.

मग मालक आला तो कसा?

१९७९ साली न्यू जर्सीतल्या शुगरहिल रेकॉर्ड्सच्या सिल्व्हिया रॉबिन्सन बाईंनी ठरवलं की या पार्टीतल्या बडबडीची रेकॉर्ड काढायची. पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हँक नावाचा माणूस सापडला. हँक काही रॅपर नव्हता. तो ब्रॉन्क्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या कवीचं व्यवस्थापन बघायचा. कॅझनं दोस्तीखातर आपले शब्द त्याला दिले. हँकनं ते जसेच्या तसे म्हटले. इतके जसेच्या तसे, की कॅझचं टोपणनावसुद्धा अक्षरं फोडून त्यात तसंच राहिलं! ते गाणं जगभर वाजलं. 'रॅपर्स डिलाइट'. कॅझला ना नाव मिळालं ना पैसा. त्याच गाण्याची चाल 'शिक' या बँडची होती. त्या बँडच्या लोकांनी कोर्टाची भाषा केली, तेव्हा त्यांची नावं रेकॉर्डवर लागली.

ज्याच्याकडं वकील होता त्याचं नाव कागदावर चढलं. ज्याच्याकडं वही होती तो राहिला.

पण गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणून पुढचंही सांगतो. त्याच सिल्व्हिया बाईंनी १९८२ साली 'द मेसेज' काढलं. वस्तीतलं जगणं, तुटक्या काचा, घरभाडं, दडपण, हे सगळं रॅपमध्ये पहिल्यांदा एवढ्या ताकदीनं आलं. ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याची मंडळी ते करायला तयार नव्हती. पार्टीत असलं रडगाणं कोण ऐकणार, असं त्यांना वाटायचं. बाईंनी रेटून करून घेतलं. शब्द मुख्यतः ड्यूक बूटी आणि मेली मेलचे. म्हणजे व्यापार करणाऱ्या बाईला जे दिसलं ते कलावंतांना दिसलं नव्हतं. आणि पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, फ्लॅश त्याच कंपनीवर पैशासाठी आणि स्वतःच्या नावासाठी कोर्टात गेला.

बाई काळ्या होत्या. स्वतः गायिका होत्या. तरी हिशेबाचं भांडण झालंच. आपला माणूस मालक झाला की प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांनी हे लिहून घ्यावं.

आता एका पोरीची गोष्ट. १९८४. यूटीएफओ नावाच्या मंडळींनी एक गाणं काढलं. रोक्सॅन नावाची पोरगी आम्हाला भाव देत नाही, अशी तक्रार. क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीत राहणारी चौदा वर्षांची लोलिता गुडेन उठली, 'मीच ती रोक्सॅन' म्हणाली आणि मार्ली मार्लच्या घरातल्या माइकवर तिघांचीही धुलाई करून टाकली. रोक्सॅन शाँते. मग उत्तराला उत्तर, त्याला उत्तर. रोक्सॅनच्या आईबापाच्या नावानंसुद्धा रेकॉर्डी निघाल्या, डझनांनी. कंपन्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की भांडण हा स्वतःच एक माल आहे.

मी हे का सांगतो? कारण पुढच्या सगळ्या मोठ्या भांडणांत बाई आहे, पण ती बोलत नाही. ती गोळीसारखी वापरली जाते. टुपाकनं बिगीला मारायला बिगीच्या बायकोचं नाव घेतलं. जे-झीनं नासला मारायला त्याच्या पोरीच्या आईला मध्ये ओढलं. तेव्हा जे-झीच्या स्वतःच्या आईनं त्याला झापलं आणि रेडिओवर माफी मागायला लावली. कोट्यवधींच्या त्या धंद्यात ब्रेक लावला तो एका आईनं! आईबहिणीवरनं गाणं मागणाऱ्या त्या कंपनीच्या माणसाला आई आहे की नाही, मला माहीत नाही.

पुढं चला. १९८६-८७. एमसी शाननं आपल्या क्वीन्सब्रिजवर गाणं केलं. ब्रॉन्क्सच्या पोरांना वाटलं, हा म्हणतोय हिप-हॉप याच्याकडंच जन्मलं. शान म्हणाला, मी तसं म्हटलंच नाही. पण ठिणगी पडली होती. ब्रॉन्क्सकडून उभा राहिला केआरएस-वन. बेघरांच्या निवाऱ्यात राहणारा पोरगा. त्याचा जोडीदार स्कॉट ला रॉक त्याच निवाऱ्यात समाजसेवक म्हणून नोकरीला. निवाऱ्यातला पोरगा आणि तिथला नोकरदार, दोघांनी मिळून शानच्या वस्तीवर असा हल्ला चढवला की लोक आजही तालीम म्हणून ती गाणी ऐकतात. कुणाला ओरखडा आला नाही. पण २७ ऑगस्ट १९८७ ला स्कॉट ला रॉक दुसऱ्याच कुठल्या भांडणात मध्यस्थी करायला गेला आणि गोळीनं मेला. ब्लॅक बेंजीसारखाच. मग केआरएस-वननं हिंसेविरुद्ध मोहीम उघडली. १९८९ साली अनेक रॅपर एकत्र येऊन एक गाणं निघालं, त्याचा पैसा नॅशनल अर्बन लीग या काळ्यांच्या जुन्या संस्थेला दिला.

या भांडणाचा शेवट माहीत आहे कुठं झाला? नव्वदच्या दशकात कोका-कोला कंपनीच्या स्प्राइटच्या जाहिरातीत. शान आणि केआरएस-वन, मुष्टियुद्धाच्या रिंगणात समोरासमोर. दोघांनाही पैसे मिळाले असतील, मिळावेत, त्यांनी कमावलेलंच होतं. मी त्यांना दोष देत नाही. मी एवढंच म्हणतो की दोन वस्त्यांचं भांडण शेवटी बाटलीत भरून विकलं गेलं, आणि दोन्ही वस्त्यांनी ते पैसे देऊन प्यायलं.

आता मघाशी म्हणालो त्या पँथरच्या पोराकडं येतो.

एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथरवर खटला भरला. एकवीस जणांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा आरोप. त्यात अफेनी शकूर नावाची तरुण बाई. पोटात मूल. तिनं वकील घेतला नाही, कोर्टात स्वतःची बाजू स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये सगळे आरोपी सगळ्या, म्हणजे १५६ च्या १५६ आरोपांतून सुटले. आणि १६ जून १९७१ ला तिला मुलगा झाला. टुपाक.

म्हणजे आई तुरुंगात पोटुशी होती त्या केसमधून सुटली आणि महिनाभरात हा जन्मला. पुढं चळवळ मोडली. सरकारनं मोडली, आतल्या फुटीनं मोडली, नशेनं मोडली. अफेनीसुद्धा नशेत अडकली, मग बाहेर आली. पोरगा घराघरांतून, शहराशहरांतून वाढला. चळवळ संपल्यावर कार्यकर्त्यांच्या पोरांचं काय होतं, हा प्रश्न आपल्याकडं कुणी विचारत नाही. विचारला पाहिजे.

टुपाकच्या सुरुवातीच्या गाण्यांत आई आहे, पोलीस आहेत, बारा वर्षांची गरोदर पोरगी आहे. ब्रुकलिनचा क्रिस्टोफर वॉलेस, म्हणजे बिगी, त्याचा दोस्त. हा जन्मला १९७२ साली, आपली पँथर निघाली त्याच वर्षी. दोघं एकमेकांच्या घरी जाणारे. ३० नोव्हेंबर १९९४ ला मॅनहॅटनच्या एका स्टुडिओच्या दाराशी टुपाकला लुटलं आणि गोळ्या घातल्या. तो वाचला. बिगी आणि त्याचा मालक शॉन कोम्ब्स तेव्हा त्याच इमारतीत होते. टुपाकच्या डोक्यात बसलं की यांना माहीत होतं. ते नाही म्हणाले.

त्याच दिवसांत एका तरुणीच्या लैंगिक छळाच्या खटल्यात टुपाक दोषी ठरला आणि १९९५ च्या फेब्रुवारीत तुरुंगात गेला. त्यानं गुन्हा नाकारला, कोर्टानं मानला. हे मी झाकून ठेवणार नाही. आपण पोस्टर लावतो तेव्हा पोस्टरमागचंही बघायचं असतं.

तुरुंगात असताना त्याचा अल्बम अमेरिकेत पहिल्या नंबरवर होता आणि जामिनाला पैसे नव्हते! तेव्हा डेथ रो कंपनीचा शुग नाइट आला. तुरुंगात हातानं लिहिलेला करार, तीन अल्बम. बदल्यात १४ लाख डॉलरचा जामीन. ऑक्टोबर १९९५ मध्ये टुपाक बाहेर आला.

तुमच्यातल्या ज्यांचं मूळ गाव बीड-उस्मानाबादकडं आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको. याला आपल्याकडं उचल म्हणतात. पट्टा पडायच्या आधी मुकादम उचल देतो आणि ऊसतोड्या जोडप्यासह कोयता घेऊन निघतो. उचल फिटेस्तोवर मान त्याच्या हातात, आणि हिशेबाची वही पण त्याच्याच हातात. संगीत कंपनीचा अ‍ॅडव्हान्स म्हणजे तीच उचल. स्टुडिओचा खर्च, व्हिडिओचा खर्च, हॉटेल, गाडी, सगळं तुझ्याच खात्यावर. ते फिटल्यावर तुझा वाटा सुरू. आणि फिटलं तरी मूळ ध्वनिमुद्रण, ज्याला मास्टर म्हणतात, ते कंपनीचं. तोडलेला ऊस कारखान्याचा.

मग टुपाक झपाटल्यासारखा कामाला लागला. १९९६ च्या जूनमध्ये बिगीविरुद्धचं ते विखारी गाणं आलं. मासिकांना सुगी आली. 'व्हाइब' मासिकानं सप्टेंबर १९९६ च्या मुखपृष्ठावर बिगी आणि कोम्ब्सला छापून पूर्व विरुद्ध पश्चिम असा मथळा दिला. दोन माणसांचं भांडण आता दोन किनाऱ्यांचं झालं. ७ सप्टेंबरला लास व्हेगासमध्ये टुपाकवर गोळ्या झाडल्या. १३ तारखेला तो गेला. वय २५. ९ मार्च १९९७ ला लॉस एंजेलिसमध्ये बिगीला मारलं. वय २४. सोळा दिवसांनी त्याचा नवा अल्बम दुकानात आला. नाव आधीच ठरलं होतं, मरणानंतरच्या आयुष्याबद्दलचं.

टुपाकच्या खून प्रकरणात एका माणसाला अटक व्हायला सप्टेंबर २०२३ उजाडलं. सत्तावीस वर्षं.

आता प्रश्न असा, की या दोन्ही बाजूंचा माल विकत कोण होतं? पश्चिमेच्या डेथ रोचा माल इंटरस्कोपमार्फत जायचा. इंटरस्कोपमध्ये आधी टाइम वॉर्नरचा हिस्सा होता. गाण्यातल्या हिंसेविरुद्ध ओरड झाली म्हणून त्यांनी १९९५ मध्ये तो सोडला. लगेच १९९६ मध्ये एमसीए कंपनीनं अर्धा हिस्सा २० कोटी डॉलरला घेतला. एमसीए कुणाची? दारू गाळणाऱ्या सीग्रॅमची. पूर्वेच्या बॅड बॉयचा माल अरिस्टामार्फत. अरिस्टा जर्मनीच्या बर्टेल्समानची. काळी पोरं किनारे वाटून मरत होती आणि दोन्ही किनाऱ्यांची पावती फाडणाऱ्यांनी कॉम्प्टन कधी बघितलं नव्हतं की ब्रुकलिन.

आणि पोरगा गेल्यावर अफेनी हिशेब मागायला गेली तेव्हा डेथ रोनं काय सांगितलं? तुझा मुलगाच आमचं देणं लागतो! कोट्यवधींचा धंदा करून दिलेल्या पोराची उचल फिटलेली नव्हती. म्हातारी होईपर्यंत कोर्टं बघितलेली पँथर ती. १९९७ मध्ये दावा लावला आणि पोराची अप्रकाशित गाणी झगडून मिळवली.

यानंतर धंदा शहाणा झाला. मेलेला रॅपर एकदाच भांडतो, जिवंत रॅपर पुन्हा पुन्हा भांडतो. २००१ साली जे-झी आणि नास यांचं जुंपलं. दोघंही अस्सल कवी, त्यातली गाणी खरोखर जबर. २००५ मध्ये जे-झीनं आपल्या कार्यक्रमात नासला मंचावर बोलावलं, दिलजमाई झाली. चांगलं झालं. तोवर जे-झी डेफ जॅम कंपनीचा अध्यक्ष झाला होता आणि २००६ मध्ये नास त्याच कंपनीत दाखल झाला. ११ सप्टेंबर २००७ ला फिफ्टी सेंट आणि कान्ये वेस्ट यांनी एकाच दिवशी अल्बम काढले. हरलो तर एकट्याचे अल्बम बंद करीन, अशी फिफ्टीची गर्जना. पहिल्या आठवड्यात कान्येचे ९,५७,००० खपले, फिफ्टीचे ६,९१,०००. पोरं रस्त्यावर हुज्जत घालत होती, कोण जिंकलं. अरे, दोघांचीही वरची कंपनी युनिव्हर्सल! डावा खिसा हरला, उजवा जिंकला. शर्ट एकच.

आणि २०२४. केंड्रिक लमार आणि ड्रेक. मार्चमध्ये सुरू झालं, मेच्या पहिल्या आठवड्यात दिवसाआड गाणी. जे. कोलनं मध्ये तोंड घातलं, एक गाणं काढलं आणि दोन दिवसांत मंचावरून माफी मागून बाजूला झाला. पोरं त्याला भित्रा म्हणाली. मला तो शहाणा वाटला. केंड्रिकची लेखणी धारदार आहे, तो जिंकला हे मान्य. ड्रेकवर त्यानं भयंकर आरोप केले, ड्रेकनं ते नाकारले. ७ मेला ड्रेकच्या टोरोंटोतल्या बंगल्याबाहेर गोळीबार झाला. गोळी कुणाला लागली? दारावरच्या वॉचमनला. ड्रेकनं पुढं कोर्टात हा गोळीबार त्या गाण्याशी जोडला. खरंखोटं काही असो, रक्त वॉचमनचं सांडलं. आपल्यातले किती जणांचे बाप वॉचमन आहेत, हात वर करा.

...बघा. मोजत नाही.

केंड्रिकच्या त्या गाण्याला २ फेब्रुवारी २०२५ ला पाच ग्रॅमी मिळाले. आठवड्यानं सुपर बोलच्या मैदानात त्यानं ते गायलं. अमेरिकेत १३ कोटी ३५ लाख लोकांनी पाहिलं. पुरस्कर्ता अ‍ॅपल. ड्रेकनं जानेवारीत खटला भरला. केंड्रिकवर नाही. युनिव्हर्सलवर, स्वतःच्याच कंपनीवर, कारण दोघांचाही माल पुन्हा युनिव्हर्सलच विकतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. बॅटलमधली शिवीगाळ ऐकणारा माणूस ती वस्तुस्थिती म्हणून घेत नाही, असा निकालाचा रोख. ड्रेक अपिलात गेला. एवढा मोठा, एवढा श्रीमंत गडी, त्यालाही शेवटी उमगलं की आपण ज्याच्याशी भांडतोय तो समोर नाही, वर बसलाय.

याच भांडणात एक गोष्ट घडली, ती माझ्या छातीत रुतून बसली आहे. एप्रिल २०२४ मध्ये ड्रेकनं केंड्रिकला डिवचायला एक गाणं काढलं. त्यात यंत्राकडून बनवून घेतलेला टुपाकचा आवाज वापरला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी अशाच भांडणाच्या दिवसांत मेलेला पोरगा. कोर्टात उभ्या राहिलेल्या पँथरच्या पोटचा. त्याला थडग्यातून उठवलं आणि परत दुसऱ्याच्या भांडणावर कामाला लावलं. वारसदारांच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा गाणं काढून घेतलं. अफेनी २०१६ मध्येच वारली होती. बरं झालं म्हणवत नाही, पण तिला हे ऐकावं लागलं नाही.

दोस्तांनो, आता आपल्या पोराच्या त्या अकरा पानांकडं येतो.

आम्ही ती बसून वाचली. एका वकील मैत्रिणीनं मराठीत सांगितली. त्यात उचल आहे. मास्टर कंपनीचं आहे. नावसुद्धा, म्हणजे त्यानं स्वतःला घेतलेलं नाव, पाच वर्षं कंपनीचं. आणि त्या पलीकडच्या वस्तीतल्या पोराला विचारून घेतलं, त्याच्याकडंही हेच अकरा पानं आहेत. शब्दाला शब्द. खाली सही करणारी कंपनी तीच.

भांडू नका असं मी म्हणणार नाही. भांडणाशिवाय आपल्याला काही मिळालेलं नाही आणि मिळणार नाही. पैसा घेऊ नका असंही म्हणणार नाही. उपाशी कवीचं कौतुक करणारे लोक जेवून आलेले असतात. मी म्हणतो, भांडणात उतरायच्या आधी दाराशी जा आणि बघा तिथं गल्ल्यावर कोण बसलंय. सिंडी बसली असेल तर खुशाल उतरा, मनसोक्त सोला एकमेकाला. मुकादम बसला असेल तर मागं फिरा, आणि समोरच्यालाही हाताला धरून फिरवा.

दोघंही पोरं आज इथं आलेत. कंपनीचा कागद अजून कोराच आहे, त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. पण भांडणाचं मात्र ठरलंय. जेवणं झाल्यावर याच मंडपात दोघांची बॅटल आहे. वस्तीवरून बोला, व्यवस्थेवरून बोला, एकमेकाच्या कवितेतल्या खोट्या ओळीवर तुटून पडा. आईबहीण आणायची नाही. तिकीट दहा रुपये. पैसे दोघांत सारखे.

गल्ल्यावर त्याची बहीण बसणार आहे. सुटे घेऊन या.

जय भीम.